स्पिटफायरचा ट्रनियन आणि लूमवाले मामा

गेले आठ महिने मी एका मुठीएवढ्या पितळी तुकड्याच्या मागं लागलोय. घरचे म्हणतात एवढ्या पैशात सेकंडहँड स्कूटर आली असती.

ट्रनियन म्हणतात त्याला. ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, तिच्या पुढच्या चाकाला खालच्या बाजूला बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) नसतोच, तिथं स्टीलची उभी लिंक ट्रनियनमध्ये आट्यांवर बसते आणि स्टिअरिंग वळवलं की नटात बोल्ट फिरावा तशी फिरते. मूळ डिझाइन ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीचं, तीच आपली मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड. आमच्या काकांची एक हेराल्ड शेडमध्ये पडून होती म्हणून तर मी यात पडलो. बाहेरून मागवलेला नवा सेट लावला तर आटे इतके ढिले की चाक हातानं हलायचं, मग ठरवलं आपणच बनवू, सोलापुरात लेथला काय तोटा आहे का!

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक मामा आहेत, सगळं आयुष्य पॉवरलूमचे गनमेटलचे बूश टर्न करण्यात गेलेलं. जुना नग हातात घेतला, अंगठ्याचं नख आट्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "हे झिजलं नाही बे, सुकून मेलंय."

आणि खरंच तसंच असतं. ह्यात हायपॉइड नावाचं घट्ट गिअर ऑईल भरायचं असतं, पण लोक ग्रीसगन लावून मोकळे होतात. ग्रीस आट्यांत नीट वर चढत नाही, आत पाणी शिरतं, स्टील गंजतं, मग एक दिवस लिंकच तुटते आणि चाक गाडीखाली दुमडतं. म्हणजे मोडतं स्टील, पितळ नाही, त्यामुळं माझा पार्ट कितीही भारी झाला तरी जुनी लिंक तपासल्याशिवाय तो लावण्यात अर्थ नाही. काकांच्या लिंकवर भेगा शोधायचा लाल डाय मारून पुसली, वर भेगेतला डाय ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारला आणि पाच मिनिटांत आट्यांच्या वरच्या टोकाला केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे भेग. काका ह्याच गाडीतून काकूला घेऊन तुळजापूरला जायचे. मी भेगेचं त्यांना सांगितलं नाही, गपचूप दुसरी लिंक शोधली.

पहिलं सँपल मी हट्टानं एकदम टाइट करून घेतलं, मामा नको म्हणत होते. स्टिअरिंग दगडासारखं, वळणानंतर सरळ यायचं नावच नाही. दुसऱ्यात तर माझाच गाढवपणा, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे माहीत असून ड्रॉइंगवर लिहायचं राहिलं, चार नग भंगारात. मामा काही बोलले नाहीत, नुसता चहा सांगितला, ते जास्त लागलं.

तिसऱ्यात मोकळीक मामांच्या अंदाजानं ठेवली, तेल धरून ठेवायला वर ओ-रिंगची (रबरी कड्याची) खाच घेतली आणि तळाला ग्रीस निप्पलऐवजी साधा प्लग. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तेल पातळ होऊन सगळं खाली येईल अशी भीती होती पण उजवीकडचा अजून कोरडा ठणठणीत आहे. डावीकडून मात्र थोडं पाझरतंय, बहुतेक खाच जरा खोल गेलीय. पुण्यातला एक स्पिटफायरवाला रोज फोन करतो, कधी देतोस म्हणून. त्याला म्हटलं जानेवारीतल्या आमच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थांब, हे गळणं बंद झाल्याशिवाय देणार नाही.