लेकीची बास्केटबॉल स्कॉलरशिप, नवा कोच आणि ते एक पत्र : माझा अनुभव

टीममधली जागा वेगळी आणि स्कॉलरशिप वेगळी. हे वाक्य आधी लिहून टाकते कारण हेच आम्हाला कोणी धड सांगितलं नाही, ना कोचनं, ना ऑफिसनं, ना इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या ओळखीच्यांनी, आणि अख्खा उन्हाळा त्यातच गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमध्ये राहतो, लेक डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका कॉलेजकडून खेळते, गार्ड आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिचं शिक्षण अजून तिथेच चालू आहे. २०२३ च्या फॉलमध्ये फुल स्कॉलरशिपवर गेली. रिक्रूटिंगचा भाग आमचा व्यवस्थित झाला, एएयूच्या (शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या) टूर्नामेंट, जुलैतले ते जिममधले वीकेंड, हायस्कूलचे सक्तीचे सोळा कोअर कोर्सेस, खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या एलिजिबिलिटी सेंटरचं रजिस्ट्रेशन, सगळं. त्यावर मंडळातले बरेच पालक विचारतात पण आज ते नको. फक्त एक, तिच्या वेळी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट होतं, म्हणजे याच कॉलेजला येणार असं खेळाडूनं सही करून द्यायचं पत्र, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं, आता कॉलेजबरोबरचं एड अग्रीमेंट, म्हणजे स्कॉलरशिपचा करार, हाच काय तो कागद. तो नीट वाचा. किती वर्षांचा आहे ते बघा. आमचा एक वर्षाचा होता, म्हणजे दर वर्षी रिन्यू व्हायचा. दोन वर्षं आपोआप झाला त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही की हा दर वर्षीचा प्रश्न आहे. नाशिकहून सासूबाई फोनवर विचारायच्या, "अगं, मिळालीये ना तिला स्कॉलरशिप, मग परत परत कसली मिळायचीये?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

मार्च २०२५ मध्ये जुना कोचिंग स्टाफ गेला, नवीन कोच आली. आल्या आल्या प्रत्येक मुलीशी बंद खोलीत वीसेक मिनिटं बोलणं. लेकीला सांगितलं की तू चांगली मुलगी आहेस, मेहनती आहेस, पण माझ्या सिस्टीममध्ये तुला मिनिटं, म्हणजे मॅचमध्ये खेळायला वेळ, दिसत नाहीत, तू पोर्टलचा विचार कर. पोर्टल म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेची यादी, त्यात नाव गेलं की दुसऱ्या कॉलेजचे कोच तुमच्याशी बोलू शकतात. त्या वर्षी बायकांच्या बास्केटबॉलची मुदत २५ मार्च ते २३ एप्रिल होती, शिवाय कोच बदलला तर त्या टीमच्या मुलींना वेगळी मुदत मिळते. हजाराहून जास्त मुली त्यात होत्या. सगळ्यांना जागा मिळत नाहीत, हे तिथे कोणी बोलत नाही.

नव्या कोचचं गणित मला कळतं, खरंच कळतं. ६ जून २०२५ ला हाऊस सेटलमेंट, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड, कोर्टात मंजूर झालं, आणि ज्या कॉलेजांनी ते स्वीकारलं त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरची, म्हणजे टीममधल्या एकूण मुलींची, मर्यादा आली. बायकांच्या बास्केटबॉलला आधी १५ स्कॉलरशिप होत्या, आता १५ जणींचं रोस्टर. आकडा तोच दिसतो पण आधी पंधरा जणींच्या वर दोन-तीन वॉक-ऑन ठेवता यायच्या, स्वतःच्या पैशानं शिकणाऱ्या, रोज प्रॅक्टिसला येणाऱ्या मुली, आता त्यांना जागाच नाही. आणि आधी एखादीला थोडीशी जरी एड दिली तरी ती एक अख्खी स्कॉलरशिप धरली जायची, आता अर्धी, पाव असे तुकडे करता येतात. म्हणजे प्रत्येक जागा कोचला सोन्यासारखी. पोर्टलमधून तयार, अनुभवी मुली मिळत असतील तर ती विसाव्या वर्षाच्या मुलीला वाढवत बसेल का? पण हा तिचा प्रश्न आहे, त्याचा भार माझ्या लेकीनं का उचलायचा?

लेकीनं ठरवलं की पोर्टलमध्ये जायचं नाही. ती सिव्हिल इंजिनिअरिंग करते आणि दोन वर्षांत जे कोर्सेस केले त्यातले किती दुसरीकडे डिग्रीसाठी धरतील याची कोणीच खात्री देईना. हा मुद्दा खेळाच्या दृष्टीनंही महत्त्वाचा आहे बरं का. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचे ४० टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के पूर्ण असावे लागतात, नाहीतर खेळता येत नाही. क्रेडिट गळाली तर नवीन कॉलेजात जाऊनही बाहेरच बसायचं, मॅच खेळता येणार नाही. ज्यांच्या मुली इंजिनिअरिंग, नर्सिंग असं काही करतात त्यांनी पोर्टलचं बोलणं निघायच्या आधी ॲकॅडमिक ॲडव्हायझरला भेटा.

आता खरा अडकलेला भाग.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिला ईमेलवर ऑनलाइन सही करायचा एक फॉर्म आला. दोन ओळींचा निरोप, "प्लीज कम्प्लीट". फॉर्ममध्ये लिहिलं होतं की मी स्वेच्छेने या खेळातून बाजूला होत आहे. लेकीनं तो मला वाचून दाखवला आणि विचारलं, आई, मी तर कुठे बाजूला होतेय? तिनं सही केली नाही. याचा मला आजही फार अभिमान आहे, कारण त्या वयात कोचच्या ऑफिसातून आलेल्या कागदाला नाही म्हणायला धाडस लागतं, टीममधल्या दुसऱ्या एका मुलीनं अर्ध्या तासात सही करून टाकली होती.

का नाही करायची ते नीट समजून घ्या. डिव्हिजन वनमध्ये ऑगस्ट २०२४ पासून सगळ्याच कॉलेजांना हे लागू आहे की मुलीचा खेळ कमी पडतोय, दुखापत झालीये किंवा ती कोचच्या प्लॅनमध्ये बसत नाही या कारणांनी स्कॉलरशिप कमी करता किंवा काढता येत नाही. पण ती स्वतःहून खेळ सोडतेय असं लिहून दिलं तर काढता येते. पोर्टलमध्ये नाव टाकलं तरी त्या टर्मनंतरची एड कॉलेज बंद करू शकतं. म्हणजे दोन्ही दरवाजे असे आहेत की पाऊल मुलीनं टाकायचं आणि पैसे कॉलेजचे वाचायचे. म्हणून तिला कोणी तोंडी कितीही गोड बोललं तरी उत्तर एकच द्यायला सांगा : मला हे लेखी पाठवा, मी वाचून कळवते.

मग आम्ही लेखी मागायला लागलो. साधा प्रश्न होता, पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप रिन्यू होतेय की नाही. नियम असा आहे की कॉलेजनं १ जुलैच्या आत हे लेखी कळवायचं, आणि रिन्यू होत नसेल किंवा कमी होत असेल तर सुनावणी मागायचा हक्क आहे हेही सांगायचं, आणि ती सुनावणी स्पोर्ट्स डिपार्टमेंटच्या बाहेरच्या लोकांपुढे होते. आम्हाला सुनावणी नको होती, फक्त हो किंवा नाही हवं होतं. लेकीनं कॉम्प्लायन्स ऑफिसला (ॲथलेटिक्समध्ये नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) लिहिलं, ते म्हणाले कोचकडून लिस्ट आली नाही. कोचच्या ऑफिसला लिहिलं, ते म्हणाले एडचं आम्ही बघत नाही, फायनान्शियल एडला विचार. फायनान्शियल एड म्हणे ॲथलेटिक्सकडून आकडा आल्याशिवाय आमच्या सिस्टीममध्ये काही दिसत नाही. परत कॉम्प्लायन्स. तिथली बाई सुट्टीवर. तिच्या जागी जो होता त्यानं उत्तर दिलं की "सगळं प्रोसेसमध्ये आहे". काय प्रोसेसमध्ये आहे? कोणाच्या टेबलावर आहे? हे विचारलं की शांतता.

मी स्वतः फोन केला तर फायनान्शियल एडवाल्यांनी माझ्याशी बोलायलाच नकार दिला, कारण मुलगी अठराच्या वर आहे आणि तिनं फर्पाचा (विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवायचा कायदा) फॉर्म भरून परवानगी दिल्याशिवाय ते आई-वडिलांना काही सांगू शकत नाहीत. हा कायदा आहे, त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण मग हा फॉर्म फ्रेशमन वर्षात, सगळं गोड असतानाच भरून टाका. ऑनलाइन असतो, पाच मिनिटांचं काम.

त्यात भर म्हणजे फॉलचं बिल आलं. तिच्या अकाउंटवर ॲथलेटिक एडची ओळच नव्हती. पूर्ण ट्युशन, राहणं, जेवण, सगळं आमच्या नावावर, खाली लाल अक्षरात तारीख. नवरा रात्री एक्सेल उघडून बसायचा, लोन किती, घरातून किती. लेक समर स्कूल करून जिममध्ये जायची, एकटी शूटिंग करायची, तिला टीमच्या वर्कआउटचा मेसेज येत नव्हता. मी पुण्यात शाळेच्या टीमकडून खेळलेली आहे, आम्हाला कोणी एक पैसा दिला नाही आणि कोणी असं लटकतही ठेवलं नाही. एका मुलीला दोन महिने "तू आमची आहेस की नाहीस" हे न सांगणं याला माझ्या भाषेत क्रूरपणा म्हणतात. कोचला ती नको असेल तर नको, तसं स्पष्ट म्हणावं. पण ऑफिसच्या मौनानं मुलगी कंटाळून स्वतःच जाईल अशी वाट बघायची, हे मला मान्य नाही.

शेवटी काय उपयोगी पडलं? लेकीनं एकच ईमेल लिहिला, कॉम्प्लायन्स आणि फायनान्शियल एड दोघांना एकत्र, आणि कॉलेजच्या फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्हला कॉपी. हे प्रत्येक कॉलेजात असतात, प्राध्यापक असतात, कोचच्या हाताखालचे नसतात, हे मला एका जुन्या टीममेटच्या आईनं सांगितलं, देव तिचं भलं करो. ईमेलमध्ये राग नाही, रडगाणं नाही : मी खेळातून बाजूला होत नाहीये, मी पोर्टलमध्ये नाही, माझे मार्क आणि एलिजिबिलिटी ठीक आहे, १ जुलैच्या आत मला रिन्यूअलचं लेखी उत्तर हवंय, आणि उत्तर नाही असेल तर सुनावणीची पद्धत कळवा. मी तिला "प्लीज" सुद्धा एकदाच लिहायला सांगितलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. रिन्यू झालं होतं, पूर्ण. एका पानाचं पत्र, तेवढ्यासाठी एवढं सगळं. मी किचनमध्ये उभी राहून रडले, आणि लगेच सासूबाईंना फोन लावला, तिथे पहाट होती तरी.

त्यात रोस्टरबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि तेच मी वर म्हटलं. एड तिची, जागा कोचची. ती टीमवर नसती तरी तिची फी भरली गेली असती, एवढं एकदा डोक्यात बसलं की मुलगी शांतपणे विचार करू शकते. तिच्या बाबतीत येणाऱ्या मुलींपैकी एक ऐनवेळी दुसऱ्या कॉलेजला गेली आणि ऑगस्टमध्ये कोचनं लेकीला पंधरामध्ये ठेवलं. मिनिटं कमी मिळतात. प्रॅक्टिसला ती सगळ्यात आधी जाते.

अजून दोन गोष्टी आठवल्या. स्कॉलरशिपमधला ट्युशन आणि पुस्तकांचा भाग टॅक्स फ्री असतो पण राहण्या-जेवणाचा भाग उत्पन्न धरला जातो, त्यामुळे कॉलेजकडून १०९८-टी हा टॅक्सचा फॉर्म आला की तो बाजूला टाकू नका. आणि मुलगी एच-४ (डिपेंडंट) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर जाहिरातीचे, सोशल मीडियाचे पैसे घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, टीममधल्या सगळ्या घेतात म्हणून घेऊ नका, व्हिसाला धोका असतो.

बिलावरची लेट फी मात्र पत्रानंतरही तशीच होती. ती काढायला लेकीला परत ईमेल करावा लागला, रिन्यूअलचं पत्र जोडून. काढली त्यांनी. सॉरी कोणी म्हटलं नाही.