ला रोशेलचा बांध: जुना उखडला, नवा भरतोय

मंडळी, ला रोशेल या फ्रेंच बंदराच्या वेढ्याचं छोटं मॉडेल करतोय. मागच्या वेळी दाखवलेला त्यातला तो गुळगुळीत, झकास रंगवलेला बांध रविवारी कटरने खरवडून काढला. तीन आठवड्यांचं काम पंधरा मिनिटांत कचऱ्याच्या डब्यात. चूक माझीच. ‘बांध’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे धरणाची भिंत आली आणि तशीच उभी केली, सलग, या काठापासून त्या काठापर्यंत.

नवीन आलेल्यांसाठी: हा १६२७-२८ चा वेढा. आत ह्यूगनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, बाहेर फ्रान्सचा राजा तेराव्या लुईची फौज आणि त्याचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यू. जमिनीकडून १२ किलोमीटरची खंदकांची रांग, तिच्यावर ११ गढ्या आणि १८ लहान मोर्चे. (माझ्या मॉडेलच्या १:१२०० मापाला ही रांग दहा मीटर भरते. माझा हॉल साडेचार मीटरचा. विषय संपला.) पण बंदर उघडं राहिलं तर इंग्लंडची गलबतं धान्य उतरवणारच. म्हणून समुद्रच अडवायचा.

आधी पोम्पेओ तार्गोने या इटालियन इंजिनिअरने करून पाहिलं. त्याचं काम हिवाळ्यातल्या समुद्राने मोडलं. हे वाचून मला जरा बरं वाटलं. मग राजाचा वास्तुविशारद क्लेमाँ मेतेझो आला. त्याने दगडगोट्यांनी भरलेली जुनी जहाजं बुडवून पाया केला, वर दगड रचले, बाजू उतरत्या ठेवल्या. चार हजार मजूर, १४०० मीटर लांबी. आणि मधे पाण्याला वाट! तिथे मोठ्या भरतीला पाणी पाच-सहा मीटर चढतं. वाट नसती तर ते रोज दोनदा भिंतीवर डोकं आपटत बसलं असतं. पाणी जाऊ द्यायचं, जहाज नाही, ही खरी गंमत. आणि माझ्या पहिल्या बांधात नेमकी तीच नव्हती.

आता नवा बांध ११७ सेंटिमीटर, त्यातले ७० झालेत. बुडवलेली जहाजं आईस्क्रीमच्या काड्यांची, प्रत्येकी दोन-अडीच सेंटिमीटर, डोलकाठ्या नाहीत. दगड म्हणजे चाळलेली बारीक वाळू आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल. जहाजं अडवायला रोवलेल्या लाकडी खुंटांनी छळलं. आधी खराट्याच्या काड्या लावल्या. मोजलं तर दीड मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ दोन मीटर जाडीचा खुंट! शेवटी नव्या टूथब्रशचे केस कापून, तपकिरी रंगात बुडवून, चिमट्याने एकेक रोवले. संध्याकाळी चाळीस होतात, मग डोळे पाणावतात.

देखावा ओहोटीचा ठेवलाय, म्हणजे चिखल आणि बांधाची पोटं दिसतात. शहर आणि बांध यांतलं अंतर मात्र लबाडीने कमी केलंय, ते ओळखणाऱ्यांनी गप्प बसावं.

रेझिनचं पाणी फसलं. डोंबिवलीचा जुलै, हवेत ओल, सकाळी पाहिलं तर वर दुधावर यावी तशी साय. पॉलिश पेपरने घासतोय.

बंदराच्या तोंडावरचा सें-निकोला बुरूज (खरा ४२ मीटर, माझा साडेतीन सेंटिमीटर) चिकटवताना किंचित कलला. सरळ करणार नाही. मूळ बुरूजही दलदलीत ओकच्या खुंटांवर उभा आहे आणि कललेलाच आहे. समोरच्या बुरुजापर्यंतची साखळी तांब्याच्या तारेला पीळ देऊन केली.

गल्ल्यांत माणसं लावायची का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. या मापाला माणूस दीड मिलिमीटरचा, जमेल तसा. पण नाही लावणार. वेढ्याआधी शहरात सत्तावीस हजारांच्या आसपास लोक होते. २८ ऑक्टोबर १६२८ ला नगराध्यक्ष जाँ गितोंने शहर स्वाधीन केलं तेव्हा जेमतेम पाच हजार उरले, बाकीचे बहुतेक उपासमारीने आणि रोगांनी गेले. घरांवर छपरं बसवली, चौक मोकळे ठेवले.

पुढचं काम: बांधाबाहेर इंग्रजांचं शेवटचं आरमार. इंग्रजांचा सेनापती ड्यूक ऑफ बकिंगहॅम याचा ऑगस्टमध्ये पोर्ट्समथला खून झाला, म्हणून ते अर्ल ऑफ लिंडसेच्या हाताखाली आलं, तोफा डागल्या, पण आत शिरता आलं नाही. बारा जहाजं तरी लागतील. शिडांना सिगारेटचा कागद चालेल की ट्रेसिंग पेपर, कुणी वापरलंय का? रेझिनचा दुसरा थर ऑक्टोबर हीटमध्येच ओतेन.