विकलेल्या मालावर आपला शब्द किती चालतो : डीलरांसोबतची आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात पाणी उपसण्याचे लहान विद्युतपंप तयार होतात आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक पंप डीलरच्या हातून ग्राहकाकडे जातो. यंत्रे, कारागीर, कच्चा माल यांबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आमच्या व्यवसायाला आजचे रूप आले ते डीलरांशी केलेल्या करारांमुळे, म्हणून हे लेखन त्यापुरतेच ठेवले आहे. आरंभी सगळा व्यवहार शब्दावर चालत असे. डीलरने फोन करावा, आम्ही माल धाडावा, पैसे सवडीने यावेत, अशी रीत होती आणि मोजके डीलर होते तोवर ती निभावलीही. जाळे वाढू लागले तेव्हा करारनामा लिहायला बसलो, आणि पहिलाच प्रश्न असा आला की समोरचा माणूस आपला नेमका कोण लागतो : आपल्या वतीने विकणारा प्रतिनिधी, की आपल्याकडून माल विकत घेऊन स्वतःच्या जोखमीवर विकणारा व्यापारी?

हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेल्या कृत्याला मालक बांधील असतो. स्वतंत्र खरेदीदाराच्या बाबतीत तसे नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की करारात ‘एजंट’ लिहिल्याने कोणी एजंट ठरत नाही. मालाची मालकी किंमत घेऊन समोरच्याकडे गेली का, हे पाहावे लागते. आम्ही खरेदी-विक्रीचे नाते पत्करले आणि करारात तसे लिहिले. तेवढ्याने मात्र भागले नाही. एका डीलरने दुकानावर आमच्या नावाखाली ‘विभागीय कार्यालय’ असा फलक लावला, आणि त्या फलकावर विसंबून एका ठेकेदाराने मोठ्या मागणीची आगाऊ रक्कम त्याच्याकडे भरली. करार कायद्याचे २३७ वे कलम सांगते की एखाद्याला आपला अधिकृत माणूस समजण्यास आपण आपल्या शब्दाने किंवा वागण्याने वाव दिला, तर पुढे हात झटकता येत नाहीत. फलक आठवड्याभरात उतरवून घेतला. तेव्हापासून फलकाचा मजकूर, बिलाच्या माथ्यावरची ओळ आणि भेटपत्रावरचे पद या तिन्हींचा नमुना करारालाच जोडलेला असतो, आणि त्यावर ‘अधिकृत विक्रेता’ याखेरीज दुसरे पद चालत नाही.

सर्वांत अधिक वाद झाले ते किमतीवरून. एका डीलरने आमचा पंप छापील किमतीच्या बऱ्याच खाली विकायला सुरुवात केली आणि शेजारच्या दोघांनी त्याची जाहिरात मोबाईलवर दाखवत आमच्यापुढे मागणी ठेवली की त्याचा माल तोडा, नाहीतर आम्ही दुसरी कंपनी धरतो. त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. त्यांनी पगारी फिटर ठेवले होते, सुटे भाग साठवून ठेवले होते. पंप पाहायला ग्राहक त्यांच्याकडे येई आणि विकत घ्यायला तिसरीकडे जाई. तरीही आम्ही माल तोडला नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून देणे हा प्रकार नावानिशी आला आहे. उत्पादकाने किंमत ठरवून दिली आणि त्याखाली विकण्याची मुभा स्पष्टपणे नोंदवली नाही, तर तो करार त्या व्याख्येत बसतो. त्याने स्पर्धेला लक्षणीय बाधा येत असेल, तर तो बेकायदा ठरतो. डीलरांनी ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत देऊ नये यासाठी त्यांच्यावर दबाव आणल्याच्या कारणावरून स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मिळत्याजुळत्या आरोपावरून २०१७ मध्ये ह्युंदाईला झालेला दंड पुढच्या वर्षी अपिलात रद्दही झाला, त्यामुळे असे प्रत्येक प्रकरण एकाच वळणाने जाते असे नाही.

आता कोणी म्हणेल की एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत तुम्ही कशाला बसता? बाजारातला आमचा वाटा इतका लहान आहे की आमच्या एका परिपत्रकाने स्पर्धेला बाधा पोहोचेल हे सिद्ध करणे अवघड जाईल, हे मलाही मान्य आहे. तरी त्या वाटेने न जाण्यामागे व्यापारी कारणही होते. आज एकाची किंमत सांभाळण्यासाठी दुसऱ्याचा माल तोडला, तर उद्यापासून किंमत डीलर ठरवतील आणि कंपनी त्यांची पहारेकरी होऊन बसेल. म्हणून आमच्या दरपत्रकाच्या तळाशी एक ओळ कायमची छापली गेली : ‘वरील विक्रीदर शिफारशीपुरते असून डीलरने याहून कमी दराने विक्री करण्यास कंपनीची हरकत नाही.’ वरची मर्यादा कायद्यानेच ठरलेली आहे. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि वेगळी पट्टी चिकटवून ती वाढवताही येत नाही. शेजारच्या दोघांची अडचण आम्ही निराळ्या मार्गाने सोडवली. प्रशिक्षित फिटर, सुट्या भागांचा किमान साठा आणि तक्रारीची ठरावीक वेळेत दखल, या अटी पाळणाऱ्या कोणत्याही डीलरला जादा मोबदला देऊ केला. स्वस्तात विकणाऱ्या गृहस्थांनाही तो खुला होता. त्यांनी घेतला नाही. दोघांपैकी एक डीलर तरीही सोडून गेले.

विक्रीक्षेत्राचा आणि प्रतिस्पर्धी मालाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. करार चालू असताना डीलरने दुसऱ्या कंपनीचा तोच माल ठेवू नये, ही अट सर्वसाधारणपणे चालते. १९९५ च्या गुजरात बॉटलिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. करार संपल्यावरही तशीच बंदी लादली, तर ती करार कायद्याच्या २७ व्या कलमाने शून्यवत ठरते, मग ती कितीही ठळक अक्षरात छापलेली असो. अनेक छापील नमुन्यांत ही बंदी अजूनही दोन-दोन वर्षांची दिसते, आणि सही करणारा डीलर तिला विनाकारण भितो. आम्ही ती घातली नाही. क्षेत्राबाबत आमचा करार एवढेच म्हणतो की नेमून दिलेल्या भागात डीलरने विक्री वाढवण्याचे काम करावे. बाहेरचा ग्राहक आपण होऊन आला तर त्याला नाही म्हणण्याचे बंधन नाही. पंप कोणत्याही भागात विकला गेला तरी त्याची वॉरंटी सर्वत्र लागू राहते, कारण डीलरांच्या हद्दीच्या भांडणाची झळ ग्राहकाला बसू देणे कोणत्याच दृष्टीने योग्य नाही.

पैशाचा भाग कंटाळवाणा असला तरी सविस्तर सांगणे भाग आहे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, आणि उधारी चालत राहिली की ही तीन वर्षे कधी सरली हे कळतही नाही. मुदत कायदा, १९६३ च्या १८ व्या कलमाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून बाकी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर तिमाहीअखेर आमच्याकडून प्रत्येक डीलरला एका पानाचे पत्र जाते. वर खातेउतारा, त्याखाली अखेरची बाकी अंकी आणि अक्षरी, मग ‘वरील बाकी मान्य / अमान्य’ आणि अमान्य असल्यास फरकाचे कारण लिहिण्यासाठी दोन कोऱ्या ओळी; शेवटी सही, शिक्का व तारीख. ‘अमान्य’ला जागा ठेवल्यामुळे पत्रे परत येऊ लागली, असा आमच्या हिशेबनिसांचा अनुभव आहे. परत न मिळालेला माल, न लागलेली स्कीम, दोनदा नावे टाकलेले भाडे अशा तक्रारी त्या दोन ओळींतच कळतात.

सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने आणखी एक हत्यार दिले आहे. लेखी करार असला तरी उधारीची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर ती १५ दिवसांची, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. कागदावर हे जबर आहे. प्रत्यक्षात लहान उत्पादक ते क्वचितच उपसतो, कारण व्याज वसूल होईपर्यंत डीलर निघून गेलेला असतो. तरीही मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही, ही २०२३ च्या वित्त कायद्याने आलेली तरतूद डीलरांचे करसल्लागारच त्यांच्या कानी घालतात, याचा आम्हाला फायदा झाला. अनामत म्हणून घेतलेल्या चेकवर मात्र फार विसंबू नये. चेक न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून पैसे भरण्यासाठी १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, ही साखळी कुठेही तुटता कामा नये. शिवाय मधल्या काळात काही रक्कम मिळालेली असताना पूर्ण रकमेचाच चेक भरला, तर गुन्हा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे. ‘पैसे मिळेपर्यंत माल आमच्याच मालकीचा’ हे कलमही आम्ही ठेवले आहे, पण प्रामाणिक ग्राहकाने डीलरकडून पंप विकत घेतला की त्याला चांगला हक्क मिळतो, त्यामुळे त्याचा उपयोग गोदामात पडून असलेल्या मालापुरताच.

जाहिरातीबाबत एक उदाहरण पुरेसे आहे. आमची वॉरंटी मर्यादित मुदतीची असताना एका डीलरने ‘आजीवन हमी’ असे पत्रक वाटले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेत्याने उत्पादकाहून वेगळी हमी दिली आणि माल त्या हमीला उतरला नाही, तर त्याच्यावर स्वतंत्र जबाबदारी येते. फसव्या जाहिरातीचा दंड वेगळाच, तो १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्या डीलरांना आम्ही कलम वाचून दाखवले आणि पत्रक मागे घ्यायला लावले. आता आमचे नाव असलेला प्रत्येक मजकूर आधी लेखी मंजूर व्हावा लागतो. नाममुद्रेची नोंदणी कंपनीच्याच नावावर ठेवावी, डीलरला ती फक्त विक्रीपुरती वापरता यावी आणि तिच्याशी मिळतेजुळते संकेतस्थळ त्याने नोंदवू नये, इतके लिहिले की तो विषय संपतो.

करार संपवण्याचे कलम लिहिताना दोन्ही बाजूंना सारखी नोटीस ठेवली. इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्यातील १९९१ च्या निकालात, ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी वितरकी चुकीच्या रीतीने रद्द झाली असे धरूनही, न्यायालयाने वितरकी परत दिली नाही. भरपाई दिली ती नोटिशीच्या काळातील कमाईपुरती. कायदा कंपनीच्या बाजूने इतका झुकलेला असताना नोटिशीचा काळ आपण होऊन लांबवणे आणि न उघडलेल्या पेट्या खरेदीदराने परत घेणे, हे आम्हाला परवडले, कारण जाणारा डीलर उरलेला माल मिळेल त्या भावाने फुंकत सुटला तर नव्या डीलरचे पहिले सहा महिने वाया जातात. वादासाठी लवाद नेमला आहे, परंतु तो कंपनीने एकटीने निवडावा हे जुने वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर काढून टाकले. परदेशी मात्र हे गणित उलटे होऊ शकते. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशाप्रमाणे व्यापारी प्रतिनिधीला करार संपल्यावर भरपाईचा हक्क असतो आणि करारात लिहून तो आधीच काढून घेता येत नाही. निर्यातीची पहिली चौकशी आली तेव्हा ‘प्रतिनिधी’ आणि ‘खरेदीदार’ यांतला तोच जुना फरक पुन्हा पाहावा लागला.

सध्या नूतनीकरणाच्या मसुद्यात एक नवे कलम येत आहे. आमचे बरेच डीलर एकल मालकीचे आहेत, आणि मालकाच्या पश्चात मुलगा किंवा मुलगी दुकानावर बसली तरी करार आपोआप तिच्या नावावर जात नाही. वारसाला ठरावीक काळ जुन्याच अटींवर माल मिळावा, त्या काळात जुनी बाकी कोण फेडणार हे लेखी ठरावे, आणि नंतरच नवा करार व्हावा, असा आमचा प्रस्ताव आहे. जुन्या बाकीसाठी वारसाची वैयक्तिक हमी मागावी की नाही, यावर भागीदारांत अजून एकमत झालेले नाही.