टोपली गेली

रविवार, रात्री साडेअकरा

हर्णैला आज लिलावात पापलेटच्या टोपलीसमोर उभा होतो, आकडा डोक्यात तयार होता, तो तोंडातून निघेपर्यंत टोपली दुसऱ्याची झाली. भाऊ काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं. मागनं एक मावशी मात्र बोललीच, "बोटीवरचा दिसतोय, अजून उतरला नाय!"

जहाजावरून साइन ऑफ होऊन, म्हणजे नोकरीची फेरी संपवून उतरून, अकरा दिवस झाले की. सात महिने चार-आठची वॉच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी चार ते आठ ड्युटी, घड्याळ कधी तासभर पुढे कधी मागे, तीच ती बावीस तोंडं, आणि आता घरी इंजिनाची घरघर नाही म्हणून रात्री दचकून जाग येते. भाऊला हे सांगणार होतो, पण जाऊदे.

संध्याकाळी पडवीत मोबाईलवर अंतराळवीरांचं वाचत बसलो. २०२४ चा अभ्यास आहे, स्पेस स्टेशनवर सहा महिने काढलेले २५ जण. विचारांचा वेग मंदावतो, लक्ष लागायला वेळ जातो, पण उत्तरं चुकत नाहीत, कायमचं नुकसानही दिसलं नाही. उशिरा पण बरोबर! माझाही आकडा बरोबरच होता ना? फक्त त्यांच्यामागे कारणं भारी, रेडिएशन, अंगातलं पाणी डोक्याकडे चढून तोंड सुजलेलं, दिवसाला सोळा सूर्योदय, मग झोप कसली. आपल्या अंतराळवीर शुभांशू शुक्लाने परत आल्यावर लॅपटॉप पलंगाशेजारी हवेतच सोडला, तरंगेल म्हणून, तर पडला. लोक कौतुकाने हसले. आमच्या डोक्याचं काय होतं ते कोण बघतंय, पगार तेवढा सगळ्यांना दिसतो.

पण एक गोष्ट टोचत राहिली. त्यांची चाचणी उडायच्या आधीही घेतलेली असते, म्हणून तर किती मंदावले ते कळतं. मी मंदावलो म्हणतोय ते कशाच्या मानाने?

आई कोळंबी सोलत होती. म्हटलं, बोटीवर जायच्या आधी मी असा नव्हतो ना गं?

मान वर न करता म्हणाली, "तुझा बाराचा पाढा संपेपर्यंत गुरुजी चहा पिऊन यायचे."

"पण चुकायचो का?"

"चुकत नव्हतास हो. पण ऐकायला थांबतो कोण!"

भाऊ तेव्हा हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

पापलेट नाही म्हणून बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला.