विशेष दूताच्या नेमणुकीवर प्रबंध केला, त्याचा माझा अनुभव

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नानंतर ९ वर्षांनी एम.ए. करायला घेतलं, राज्यशास्त्र, आणि शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधाला विषय घेतला तो उत्तर कोरियातल्या मानवी हक्कांसाठी अमेरिका जो विशेष दूत नेमते त्याच्या नेमणुकीचा. सासूबाई म्हणाल्या, अगं बाजार समितीवर कर की, जवळ तरी आहे. पण मी तेव्हा युनोच्या चौकशी आयोगाचा २०१४ चा अहवाल वाचत होते, मायकेल कर्बी अध्यक्ष होते त्याचा. राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं असतील असा अंदाज त्यात दिलाय, आणि एकाच्या गुन्ह्यासाठी तीन पिढ्या आत. माझी लेक शेजारी झोपलेली आणि मी ते वाचतेय, मग दुसरा विषय डोक्यात येईचना.

पहिला सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, परत आला. मी लिहिलेलं की दूत त्या देशात जातो, अधिकारपत्रं देतो, तिथं राहतो. गाइड मॅडमनी लाल पेनानं गोल केला, म्हणाल्या हा राजदूत झाला, तुझा विषय वेगळाय. मग १९६१ चा व्हिएन्ना करार काढून वाचला. राजदूत पाठवायचा तर समोरच्या देशाची आधी संमती लागते, पण इथं अमेरिका आणि उत्तर कोरियाचे राजनैतिक संबंधच नाहीत, राजधानी प्याँगयाँगला अमेरिकेची वकिलात नाही, तर संमतीचा प्रश्नच कुठं, त्यामुळे हा दूत बसतो वॉशिंग्टनला आणि जपान, दक्षिण कोरिया, युनो अशा सगळ्यांशी बोलत राहतो. हे कळायला मला तीन आठवडे गेले पण तिथून पुढं प्रबंध सरळ झाला.

खरा मसाला नेमणुकीच्या अटींत आहे. २००४ ला अमेरिकेत या पदाचा कायदा झाला, २००५ ला लेफ्कोविट्झ पहिले दूत झाले, ते वकील, आपली वकिली सांभाळून हे काम करायचे. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी भाषणात म्हणलं की अणुबॉम्बची बोलणी आणि मानवी हक्क वेगळे ठेवू नका. तेव्हा उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बवर सहा देशांची बोलणी चालू होती, आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी जाहीरपणे सांगितलं की ते मानवी हक्कांचे दूत आहेत, त्या बोलण्यांत काय चाललंय ते त्यांना माहीत नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं. ज्याला नेमलं त्यालाच त्या टेबलावर जागा नाही! त्याच वर्षी कायदा सुधारला, दूत पूर्णवेळ पाहिजे, राजदूताचा दर्जा पाहिजे, सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी पाहिजे. म्हणून २००९ ला आलेले रॉबर्ट किंग मला जास्त वजनदार वाटतात. ते मे २०११ ला स्वतः उत्तर कोरियात गेले, अन्नटंचाई बघितली आणि येताना अटकेतला एक अमेरिकन नागरिक सोडवून आणला.

आणि मग जानेवारी २०१७ ला किंग यांनी पद सोडलं, ते २०२३ मध्ये ज्युली टर्नर येईपर्यंत रिकामं. सहा वर्षं! कायद्यात पद आहे आणि माणूस नाही. याच काळात सिंगापूर २०१८, हनोई २०१९, ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या दोन्ही शिखर भेटी झाल्या, सिंगापूरच्या संयुक्त निवेदनात चार मुद्दे आहेत, मी ते दहा वेळा वाचलं असेल, मानवी हक्क हा शब्दसुद्धा नाही. माझं म्हणणं प्रबंधात हेच होतं की बोलणी चालू असताना ही खुर्ची भरलेली पाहिजे, नंतर भरून काय उपयोग.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक सर होते. त्यांनी विचारलं, तुम्ही साताऱ्याच्या, दूत म्हणल्यावर आपल्याकडचं कोण आठवतं? मी म्हणलं रंगो बापूजी. १८३९ ला ईस्ट इंडिया कंपनीनं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच राहिले, मधे १८४७ ला महाराज वारले, १८४८ ला राज्य खालसा झालं, तरी हे अर्ज करतच होते. चारभिंतीच्या हुतात्मा स्मारकाला लहानपणापासून जाते मी पण एका माणसाची चौदा वर्षं म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पद कधी भरलं कधी रिकामं याचा तक्ता परिशिष्टात पाहिजे, तो नाही.

त्या रात्री तक्ता केला, सकाळी पोवई नाक्यावर प्रिंट काढल्या आणि बाइंडिंगवाल्याला तिन्ही प्रती परत उसवायला लावल्या. शनिवारी जमा केल्या.