रात्री एक ते चार

नेरूळच्या आमच्या सोसायटीत खजिनदार मी, त्यामुळे पाण्याचं बिल आलं की पहिला बघणारही मीच. रक्कम बघून कुणाला घाम फुटणार नाही, पाणी स्वस्तच आहे आमच्याकडे, पण यावेळी मीटरचं रीडिंग एवढं उडालं होतं की मला वाटलं मीटरच बिघडला. कमिटीत विषय काढला तर सगळ्यांचं एकच, उन्हाळा आहे हो, वापर वाढतोच.

खरं तर आपण नवी मुंबईकर लाडावलेले आहोत. धावरी नदीवरचं मोरबे धरण, खालापूर तालुक्यात, महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं, दिवसाला साधारण ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची योजना. ठाण्याला स्वतःचं धरणच नाही, भातसा, स्टेम नावाचं पाणी प्राधिकरण, एमआयडीसी, मुंबई महापालिका असं चार ठिकाणांहून गोळा करायचं. ताई घोडबंदरला राहते, तिच्या सोसायटीत टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये वेगळा लावतात, त्यामुळे तिथे शेंबडं पोरही सांगेल काल किती टँकर आले. मी तिला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला धरण आहे रे बाबा, आम्हाला टँकरवाला आहे, कोण जास्त शिस्त लावतो बघ."

मग एका शनिवारी रात्री एक वाजता वॉचमनला घेऊन गच्चीवर गेलो. पाणी खात्यातली माणसंही गळती अशीच शोधतात, रात्री सगळे झोपलेले असतात, तरी पाइपातून जे वाहतंय त्यातलं बरंचसं गळतंय असं समजायचं. पंप बंद केला, टाकीत काठी सोडून पातळीवर खडूने खूण केली आणि चार वाजता परत मोजलं. दहा सेंटीमीटर खाली! टाकी चार बाय तीन मीटर, म्हणजे १२०० लिटर गेलं, तीन तासांत, आणि तेव्हा सगळ्या इमारतीत मोजून दोन खिडक्यांत लाइट होता. दिवसाचे झाले ९६०० लिटर. आमची ८४ घरं, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर हा सरकारी हिशोब धरला तर ४५ हजार होतात, म्हणजे त्याचा पाचवा भाग नुसता वाहून जातोय, आणि आम्ही गेटवर "पाणी हे जीवन आहे" असा बोर्ड लावलेला.

नळ गळत असेल तर आवाज येतो, खाली बादली भरते, बायको ओरडते. फ्लशची टाकी मात्र गपचूप गळते, भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ ओघळ, दिसतसुद्धा नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे जिलेबीत घालतात तो खायचा रंग. रविवारी सकाळी टाकीत चिमूटभर टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही, भांड्यात केशरी उतरला तर वॉशर गेला. ८४ घरांत रंग वाटत फिरलो, दोन जणांनी प्रसाद समजून हात पुढे केला (शपथ!), आणि अकरा घरांत केशरी निघाला. त्यात एक माझं.

त्या १३५ लिटरमधले ४५ नुसते फ्लशसाठी धरलेले असतात. मोरब्याहून एवढ्या लांबून, शुद्ध करून आणलेलं पाणी, आणि तिसरा हिस्सा संडासात. तिकडे महापालिका कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांना देते, आणि आम्ही पिण्याचं पाणी फ्लशला. नव्या इमारतींत फ्लशपुरती अशा पाण्याची दुसरी लाइन टाकता येते, जुन्यांत भिंती फोडायला कोण देणार.

केपटाऊनला २०१८ मध्ये माणशी ५० लिटरवर आणलं होतं लोकांना. आपल्याकडे कपात म्हणजे आठवड्यातून एक दिवस पाणी बंद, मग आदल्या दिवशी सगळे पिंपं भरतात आणि पाणी आलं की तेच शिळं म्हणून ओततात. आमच्या आईसकट. माझं मत विचाराल तर बिल घरटी सारखं वाटणं आधी बंद करा, पण फ्लॅटला मीटर म्हटलं की जनरल बॉडीत खुर्च्या सरकायला लागतात. एकेका घरात पाण्याच्या तीन-तीन लाइनी उतरतात, किती मीटर लावणार, हा मुद्दाही खोटा नाही म्हणा.

दहा वॉशर बदलून झाले, पुढच्या शनिवारी टाकी त्याच तीन तासांत जेमतेम एक सेंटीमीटर उतरली. अकराव्या घराचा मालक दुबईला, तो म्हणतो भाडेकरूने करावं, भाडेकरू म्हणतो मालकाने, तोवर त्यांनी कॉक बंद करून बादली ठेवलीय.