आमची वाटचाल: देवगडची पेटी, पुण्याचा पिनकोड

आम्ही देवगडचा हापूस वेबसाइटवरून पुण्यात घरपोच विकतो. हापूसचा सगळा खेळ मार्च अखेर ते मे. जाहिरातीतली चूक पंधरा दिवसांनी कळली तर तोवर निम्मं पीक उतरलेलं असतं. आमचं २०१९ असंच गेलं.

आदल्या ऑक्टोबरात हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्याला त्याला 'देवगड' हा शब्द गोड लागायला लागला. आम्हीही गुगलवर जाहिरात टाकली. वेबसाइटवर माणसं धो धो आली, ऑर्डरी मात्र बोटावर मोजण्याएवढ्या. शोधशब्दांचा रिपोर्ट उघडला तेव्हा उलगडा झाला. 'हापूस' हा कीवर्ड (ज्या शब्दावर जाहिरात दिसते तो) ब्रॉड मॅचवर होता, म्हणजे त्याच्या आसपासचं काहीही शोधलं तरी जाहिरात दिसायची आणि प्रत्येक क्लिकचे पैसे आमचे जायचे. त्यामुळे कलमं शोधणारा, आमरसाची रेसिपी शोधणारा आणि होलसेल भाव विचारणारा, सगळे आमच्या पैशांनी आत येत होते. त्यात लोकेशनची मूळ सेटिंग 'पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस असलेले' अशी असते. ती 'असलेले' एवढ्यावरच आणावी लागते. आम्ही हात लावला नव्हता. दिवसाचं बजेट ५०० लिहिलं की ५००च जातील, हाही गैरसमज. गुगल एखाद्या दिवशी दुप्पट खर्च करतं आणि महिन्यावर हिशेब जुळवतं.

वर कॅश ऑन डिलिव्हरी. दार बंद, फोन बंद, पेटी परत. भांडी परत आली तर पुन्हा विकता येतात. आंबा परत आला की थेट खतखड्ड्यात.

आता कीवर्ड फ्रेज मॅच (त्याच अर्थाचा शोध) आणि एक्झॅक्ट मॅच (नेमका तोच शोध) यांवरच. 'कलम', 'रोप', 'रेसिपी', 'होलसेल' हे नकोसे शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळे घालावे लागतात, गुगल भाषांतर करून देत नाही. पिनकोड तेवढेच, जिथे आमची गाडी दुसऱ्या दिवशी पोचते. हिशेब सोपा आहे: क्लिक ८ रुपयांना आणि शंभरात दोघांनी घेतलं, तर एका ऑर्डरीला ४०० पडले. पेटीमागे ३५० सुटत असतील तर वेबसाइटवरची माणसं वाढवू नका, आधी जाहिरात थांबवा. नव्या पोरांना हे सांगूनही पटत नाही.

रोज सकाळी सातला वीस मिनिटं शोधशब्दांचा तो रिपोर्ट बघायचा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आढीतला फोटो, आजचा, पेंढ्यासकट. पेटीत चिठ्ठी जाते: 'आमचा नंबर सेव्ह करा.' व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्याने नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज जातच नाही.

कोथरूडच्या एक काकू पहिल्या वर्षापासून दोन पेट्या घेतात, एक पाडव्याला आणि एक मेच्या शेवटी. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला की कापलेल्या फोडीचा फोटो येतो, खाली एकच शब्द: 'बघा.' साका बाहेरून दिसत नाही, म्हणून काळजी झाडाखालीच घ्यायची. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही, सावलीत पेंढ्यावर ठेवायचा. देठ दीड-दोन सेंटिमीटर राखायचा, नाहीतर चीक सालीवर उतरून डाग पडतो. मग वजनकाट्यावर प्रतवारी. २५० ग्रॅमचं फळ २०० च्या पेटीत चुकून गेलं तर कोणी बोलत नाही. उलटं झालं की काकू बोलतात.

एका स्पर्धकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. परराज्यातला माल देवगडच्या खोक्यात भरून तो निम्म्या भावात विकतो, आणि आमच्या फर्मच्या नावाचाच कीवर्ड लावतो. गुगलला तक्रार केली तर जाहिरातीच्या मजकुरातलं नाव निघू शकतं, तेही ट्रेडमार्क असेल तर; कीवर्डवर बंदी नाही. म्हणून आपल्या नावावर आपणही एक्झॅक्ट मॅचची जाहिरात ठेवावी, स्वस्तात पडते. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना वरचेवर आधी त्याचीच जाहिरात दिसते. काही जण ती उघडतात, फोटो बघून मागे फिरतात आणि आम्हाला फोन करतात. त्या क्लिकचे पैसे तो भरतो.